एच-१बी : अर्ज कंपनीचा, आयुष्य आपलं

मार्च संपत आला की अमेरिकेत शिकणाऱ्या आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या आपल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो : ‘पिक झालं का?’ म्हणजे एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसासाठी होणाऱ्या लॉटरीत नाव निघालं का? ज्याचं नाव निघतं त्याची आई इकडे शेजारच्या काकूंना सांगते, ‘व्हिसा लागला हो त्याचा!’ आनंद खरा असतो, पण व्हिसा त्या दिवशी लागलेला नसतो. मुलाच्या कंपनीला अर्ज दाखल करायची मुभा मिळालेली असते, इतकंच. अर्ज जायचा असतो, तो मंजूर व्हायचा असतो, आणि मुलगा भारतात असेल तर पासपोर्टवर स्टॅम्पिंग, म्हणजे व्हिसाचा शिक्काही व्हायचा असतो.

नात्यातल्या आणि ओळखीतल्या मुलांना हे कागद मी गेली काही वर्षं समजावून सांगत आले आहे. सुरुवात दरवेळी एकाच वाक्याने करते. एच-१बीचा अर्ज तुम्ही करत नाही, कंपनी करते. कंपनी सरकारला सांगते, की माझ्याकडे अमुक काम आहे, ते अमुक शहरात आहे, त्याला मी अमुक पगार देणार आहे आणि त्यासाठी मला हा माणूस हवा आहे. काम, जागा, पगार आणि माणूस अशा चौघांची मोट बांधलेली असते आणि मंजुरी मिळते ती त्या मोटेला. यातलं एक काही बदललं की कागद पुन्हा करावे लागण्याची शक्यता असते. एवढं मनात पक्कं बसलं, तर एरवी विचित्र वाटणारे निम्मे नियम आपोआप उलगडतात.

८५ हजारांचा आकडा

अमेरिकेच्या १९५२च्या स्थलांतर कायद्यात ‘एच-१’ नावाचा वर्ग होता. असामान्य गुणवत्तेच्या परदेशी माणसांना ठरावीक काळासाठी कामाला बोलावता यावं, हा त्याचा हेतू. १९९०च्या कायद्याने त्यातून एच-१बी वेगळा काढला आणि निकष बदलला. आता असामान्य असण्याची अट राहिली नाही. काम असं हवं, की त्याला त्या विषयातली किमान पदवी लागतेच, आणि माणसाकडे ती पदवी हवी. वर्षाला ६५ हजारांची मर्यादाही त्याच कायद्याने घातली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांची मागणी वाढली तशी मर्यादा आधी १ लाख १५ हजारांवर आणि २००१ ते २००३ या तीन आर्थिक वर्षांसाठी १ लाख ९५ हजारांवर नेली. मुदत संपल्यावर ती पुन्हा ६५ हजारांवर आली. २००४च्या कायद्याने अमेरिकी विद्यापीठातून मास्टर्स किंवा त्याहून वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार जागा दिल्या. तेव्हापासून आकडा हलला नाही. या ६५ हजारांतल्या ६,८०० जागा व्यापार करारांमुळे चिली आणि सिंगापूरच्या नागरिकांसाठी राखलेल्या असतात. विद्यापीठं, त्यांच्याशी जोडलेल्या ना-नफा संस्था आणि ना-नफा किंवा सरकारी संशोधन संस्था यांना ही मर्यादा लागूच होत नाही. त्यांच्याकडे नोकरी मिळाली तर लॉटरी नाही आणि मार्चची वाट बघणंही नाही. संशोधनाकडे ओढा असलेल्या मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण ही वाट पुष्कळांना माहीतच नसते.

पदवीच्या बाबतीत एक गाठ आपल्याकडच्या मुलांना नेहमी बसते. आपली बी.कॉम. किंवा बी.एस्सी. तीन वर्षांची, तिकडची बॅचलर्स चार वर्षांची. अशा वेळी त्याच क्षेत्रातला तीन वर्षांचा अनुभव कॉलेजच्या एका वर्षाइतका धरता येतो. मात्र त्यासाठी तपशीलवार अनुभवपत्रं लागतात आणि पदव्या तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल लागतो. जुन्या कंपनीचं पत्र आज मिळेल तितक्या सहज आठ वर्षांनी मिळत नाही. कंपनी बंद पडते, साहेब बदलतो.

लॉटरीत आता पगाराचं वजन

आधी लॉटरी कागदांच्या गठ्ठ्यांची असे. कंपन्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण अर्ज पाठवत आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले की त्यांतून निवड होई. २०२०पासून आधी फक्त ऑनलाइन नोंदणी होऊ लागली, शुल्क अवघं १० डॉलर. याचा गैरफायदाही घेतला गेला. एकाच माणसाच्या नावाने वेगवेगळ्या कंपन्यांनी नोंदण्या टाकल्या. मार्च २०२३च्या फेरीत साडेसात लाखांहून जास्त पात्र नोंदण्या आल्या आणि त्यांतल्या चार लाखांहून जास्त अशा एकापेक्षा अधिक नोंदण्या असलेल्या लोकांच्या होत्या. एकाच कंपनीवर विश्वास ठेवून बसलेल्या मुलांवर तो सरळ अन्याय होता. पुढच्या वर्षी नियम बदलला : कितीही कंपन्यांनी नोंदणी करो, एका माणसाला संधी एकच. नोंदण्या ४ लाख ७० हजारांवर आल्या. २०२५मध्ये शुल्क २१५ डॉलर झालं, पात्र नोंदण्या ३ लाख ४४ हजारांच्या आसपास आल्या आणि १ लाख २० हजारांची निवड झाली. जागा ८५ हजार असून निवड जास्त करतात, कारण निवड झालेल्या प्रत्येकाचा अर्ज दाखल होतोच असं नाही आणि झालेला मंजूर होतोच असंही नाही.

आता चिठ्ठी सगळ्यांची सारखी राहिलेली नाही. डिसेंबर २०२५मध्ये जाहीर झालेला आणि २७ फेब्रुवारी २०२६पासून लागू झालेला नियम पगाराच्या पातळीनुसार वजन देतो. अमेरिकेचं श्रम खातं प्रत्येक व्यवसायासाठी, प्रत्येक भागासाठी पगाराच्या चार पातळ्या ठरवतं. देऊ केलेला पगार पहिल्या पातळीत बसला तर नाव एकदा धरलं जातं, दुसऱ्या पातळीत दोनदा, तिसऱ्या पातळीत तीनदा आणि चौथ्या पातळीत चारदा.

ही पातळी नुसत्या पगाराच्या आकड्यावरून कळत नाही. तोच पगार सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात खालच्या पातळीत बसेल आणि एखाद्या लहान शहरात दोन पायऱ्या वर जाईल. तेव्हा दोन ऑफर हातात असतील तर रकमेबरोबर व्यवसायाचा वर्ग आणि कामाचं ठिकाण हेही विचारून घ्यावं. कुशल माणसाला जास्त पगार मिळतो, म्हणून त्याला प्राधान्य द्यावं, हा यामागचा विचार मला समजतो. पण कर्ज काढून मास्टर्स करणारी पोरगी पहिल्या नोकरीत बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीवरच असते, आणि पहिल्या पातळीवर असेल तर तिची संधी या नियमाने कमी झाली, हे मुलांना आणि पालकांना ॲडमिशन घेण्याआधीच माहीत असायला हवं.

दुसरा मोठा धक्का १९ सप्टेंबर २०२५च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेचा. २१ सप्टेंबरपासून दाखल होणाऱ्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम लावली गेली, सुरुवातीला बारा महिन्यांसाठी. पहिल्या दोन दिवसांत भलती घबराट उडाली, सुट्टीवर आलेले लोक मिळेल त्या विमानाने परत निघाले. नंतरच्या खुलाशांनी चित्र स्पष्ट झालं. ज्यांच्याकडे आधीच वैध व्हिसा आहे त्यांच्या येण्याजाण्यावर ही रक्कम नाही. अमेरिकेत राहूनच विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणारे, मुदत वाढवणारे किंवा कंपनी बदलणारे यांनाही ती लागत नाही, मात्र त्यांची ही मागणी तिथल्या तिथे मंजूर व्हायला हवी. फटका मुख्यतः देशाबाहेर असलेल्या नव्या उमेदवाराला बसतो. भारतातून थेट एच-१बीवर जाण्याचा जो रस्ता आधीच्या पिढीने वापरला, तो यामुळे फार अरुंद झाला.

अर्जाआधीचा कागद, जो कोणी वाचत नाही

निवड झाल्यावर कंपनीला १ एप्रिलपासून किमान ९० दिवसांची मुदत मिळते. सगळ्यात आधी श्रम खात्याकडे एलसीए नावाचं हमीपत्र जातं. त्यात कंपनी लिहून देते, की याच कामासाठी आमच्याकडच्या इतरांना जो पगार आहे तो, किंवा त्या भागातला प्रचलित पगार, यांपैकी जो जास्त असेल तो आम्ही देऊ. खातं साधारण सात कामाच्या दिवसांत त्यावर मोहोर उठवतं. मग आय-१२९ हा मूळ अर्ज यूएससीआयएस या स्थलांतर सेवा विभागाकडे जातो. अर्ज बघणाऱ्या अधिकाऱ्याला शंका आली तर तो आणखी पुरावे मागतो. त्यालाच मुलं ‘आरएफई आला’ म्हणतात. तो नकार नसतो, त्याला नीट उत्तर दिलं की अर्ज पुढे सरकतो.

या एलसीएची प्रत कामगाराला मिळालीच पाहिजे, असा नियम आहे. ती मागून घ्या आणि वाचा. त्यावर तुमचं पद, पगार आणि कामाची जागा लिहिलेली असते. घरून काम करताना तुम्ही दुसऱ्या शहरात, त्या महानगरी क्षेत्राच्या बाहेर राहायला गेलात, तर कंपनीला सुधारित अर्ज करावा लागतो. घर बदलताना नुसतं एचआरला कळवलं म्हणजे झालं, असा समज करून घेऊ नका.

पगाराच्या बाबतीत कायदा कामगाराच्या बाजूने बराच ठाम आहे, आणि तरीही सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. प्रोजेक्ट नाही म्हणून कंपनीने माणसाला बेंचवर बसवलं, तरी पगार द्यावाच लागतो. एच-१बीच्या अर्जाचं सरकारी शुल्क आणि कंपनीच्या वकिलाची फी कामगाराकडून घेता येत नाही. नोकरी लवकर सोडली म्हणून दंड लावता येत नाही. खऱ्या नुकसानीची आधी ठरलेली भरपाई आणि दंड यांत कायदा फरक करतो, म्हणून करारातलं असं कलम सही करण्याआधी वकिलाला दाखवावं. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने एका कन्सल्टन्सीत चार महिने बिनपगारी काढले. त्याला सांगण्यात आलं होतं, की प्रोजेक्ट लागल्यावर पगार सुरू होईल. तो गप्प राहिला कारण ‘व्हिसा त्यांच्या हातात आहे’. नेमकी हीच भीती अशा कंपन्यांचं भांडवल असते. श्रम खात्याच्या वेतन विभागाकडे तक्रार करता येते, आणि तक्रार केली म्हणून कामगारावर सूड उगवणं बेकायदा आहे.

शिक्का वेगळा, मुक्काम वेगळा

पासपोर्टवरचा व्हिसा म्हणजे दाराशी दाखवायचा कागद. अमेरिकेबाहेरून आत येण्यासाठी तो लागतो. आत आल्यावर किती दिवस राहायचं, हे त्यावरची तारीख ठरवत नाही. ते ठरतं आय-९४ या नोंदीवरून. विमानतळावरचा अधिकारी ती ऑनलाइन तयार करतो. तिसरा कागद आय-७९७, म्हणजे अर्ज मंजूर झाल्याचं पत्र. अमेरिकेतच मुदत वाढवली असेल तर नवा आय-९४ याच पत्राच्या खालच्या भागात छापलेला येतो. त्यामुळे शिक्क्याची तारीख उलटून दोन वर्षं झाली तरी माणूस अमेरिकेत पूर्ण कायदेशीर असू शकतो. त्याने देश सोडला, की परत येताना मात्र बहुतेक वेळा नवं स्टॅम्पिंग लागतं.

उलटंही घडतं, आणि ते जास्त धोक्याचं. समजा, तुमच्या भाचीचा एच-१बी २०२८पर्यंत मंजूर आहे, पण पासपोर्ट २०२७मध्ये संपतोय. विमानतळावर तिला आय-९४ बहुधा पासपोर्टच्या तारखेपर्यंतचाच मिळेल. ती नवा पासपोर्ट काढेल, तरी आय-९४ आपोआप वाढत नाही. मंजुरीपत्रावर २०२८ दिसतंय म्हणून ती निर्धास्त राहील आणि एके दिवशी कळेल, की मुक्कामाची मुदत काही महिन्यांपूर्वीच संपली. प्रत्येक प्रवेशानंतर, सामान उघडायच्या आधी, आय-९४ डाउनलोड करून तारीख बघायची सवय लावून घ्या.

स्टॅम्पिंगचंही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मुलाखतीशिवाय कागद जमा करायची ‘ड्रॉपबॉक्स’ सोय २ सप्टेंबर २०२५पासून एच-१बीवाल्यांसाठी बंद झाली. त्यांनी आपल्या देशात किंवा ज्या देशात ते राहतात तिथेच मुलाखत द्यावी, असा आग्रह आहे. १५ डिसेंबर २०२५पासून एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या सोशल मीडियाची तपासणी होते आणि त्यासाठी खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवावी लागतात. ती सुरू झाली तेव्हा भारतातल्या कितीतरी मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि लग्नाला, आजारी आईवडिलांना भेटायला आलेली माणसं इकडेच अडकली. घरच्यांनी ‘दोन आठवडे येऊन जा’ असा आग्रह धरताना त्या दोन आठवड्यांचे सहा महिने होऊ शकतात, याची जाणीव ठेवावी.

नोकरी गेली तर

चौघांची मोट लक्षात आहे ना? त्यातलं काम गेलं की मोट सुटली. पूर्वी नोकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून माणसाच्या पायाखाली कायद्याची जमीन नसे. जानेवारी २०१७पासून जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढीच. हे दिवस सहसा ज्या शेवटच्या दिवसाचा पगार मिळाला त्यानंतर मोजले जातात.

या ६० दिवसांत नव्या कंपनीने अर्ज दाखल करायला हवा. इथे कायद्याने एक मोठी मदत केली आहे. कंपनी बदलताना पुन्हा लॉटरी लागत नाही आणि नव्या कंपनीचा अर्ज नुसता दाखल झाला तरी तिथे काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. नोकरी मिळत नसेल तर मुदतीच्या आत एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्या जोडीदाराच्या आधाराने मिळणाऱ्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, विद्यार्थी व्हिसावर किंवा अभ्यागत व्हिसावर जाण्यासाठी अर्ज करता येतो. एकदा लॉटरीत मोजला गेलेला माणूस एच-१बीच्या एकूण सहा वर्षांतला उरलेला काळ वापरायला नंतरही परत येऊ शकतो, त्याची जागा वाया जात नाही. देशाबाहेर गेल्यावर नव्याने होणाऱ्या अर्जाला १ लाख डॉलरची अट लागू शकते, त्यामुळे बाहेर पडण्याआधी वकिलाशी बोलावं. मुदतीआधी कंपनीने काढून टाकलं, तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च तिनेच द्यायचा असतो.

ले-ऑफच्या बातमीने माणूस पहिले दोन आठवडे सुन्न असतो. घरच्यांनी तेव्हा ‘पुढे काय?’ हा प्रश्न रोज विचारू नये. ६० दिवसांतले चौदा तसेच गेलेले असतात, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

‘तात्पुरता’ या शब्दाचं काय होतं

एच-१बी एका वेळी तीन वर्षांपर्यंत मिळतो आणि एकूण सहा वर्षं चालतो. परदेशात घालवलेले दिवस या सहा वर्षांत धरले जात नाहीत, प्रवासाचे पुरावे देऊन ते परत मागता येतात. मग पुढे काय? बहुतेक तात्पुरत्या व्हिसांवर ‘मला इथेच राहायचंय’ असं म्हणणं महागात पडतं. एच-१बीवर तसं नाही. तात्पुरता मुक्काम आणि कायमच्या वास्तव्याची इच्छा दोन्ही एकाच वेळी चालतात. म्हणून कंपनी ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू करते.

त्या पहिल्या टप्प्यात कंपनीला दाखवावं लागतं, की या जागेसाठी लायक आणि तयार असा अमेरिकी कामगार मिळाला नाही. ही अट एच-१बीलाच असते असा समज सर्रास आढळतो, पण तिथे ती सरसकट नाही, काही ठरावीक कंपन्यांपुरतीच आहे. हा पहिला कागद ज्या दिवशी दाखल होतो ती प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला आपला नंबर. दुसरा टप्पा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज. तो मंजूर झाला आणि नंबर आलेला नसला, तर एच-१बी सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षांनी वाढत राहतो. मंजुरीला १८० दिवस होऊन गेले असतील, तर कंपनीने नंतर आय-१४० मागे घेतला तरी ही वाढ मिळण्याचा हक्क राहतो आणि जुनी तारीखही नव्या कंपनीकडे नेता येते. नोकरी बदलायची असेल तर हे १८० दिवस मोजून मगच पाऊल उचला.

आता रांग किती लांब? नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यांत कुटुंबातली माणसंही मोजलेली. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांहून जास्त नाहीत. दरवर्षी मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त अर्ज मात्र भारतात जन्मलेल्यांचे असतात. २०२५मध्ये भारतीयांच्या ईबी-२, म्हणजे मुख्यतः वरची पदवी लागणाऱ्या नोकऱ्यांच्या, रांगेत २०१२-१३मधल्या तारखांचे नंबर चालू होते. आज रांगेत उभं राहणाऱ्याला हे बारा वर्षांचं अंतरही कमीच पडेल, कारण मधल्या वर्षांत मागे उभे राहिलेले लोक कितीतरी जास्त आहेत.

जोडीदार आणि २१ वर्षांखालची मुलं एच-४वर राहतात. जोडीदाराला काम करायची परवानगी मे २०१५पासून मिळू लागली, तीही मुख्यतः आय-१४० मंजूर असलेल्या कुटुंबांना. ३० ऑक्टोबर २०२५पासून नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना या परवानगीला आपोआप मुदतवाढ मिळणं बंद झालं. डॉक्टर, इंजिनियर असलेल्या कितीतरी बायका कामाच्या परवानगीच्या नव्या कार्डाची वाट बघत नोकरीतून बाहेर बसतात, आणि घराचा हप्ता चालूच असतो.

मुलांचं वय तर थांबतच नाही. २००२च्या एका कायद्याने आय-१४० प्रलंबित असतानाचे दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. नंबर येण्याची वाट पाहण्यात गेलेली वर्षं मात्र वजा होत नाहीत. तीन वर्षांची असताना आलेली मुलगी तिथेच बालवाडीत जाते, शाळा आणि हायस्कूल संपवते, आणि नंबर आला नाही तर २१व्या वाढदिवशी तिचा एच-४ संपतो, आणि वजा होणारे दिवस धरूनही वय उलटलं की आईवडिलांच्या अर्जातूनही ती बाहेर पडते. तिला तिथेच राहायचं असेल तर आधीच विद्यार्थी व्हिसा काढावा लागतो. मग पदवी, नोकरी, आणि एका मार्चमध्ये तिचीही कंपनी तिच्या नावाने २१५ डॉलर भरून नोंदणी करते.